गार्डसरांचं झोपेतलं गणित

आमच्या कॉलनीत रविवारी दुपारी गणिताचा एक क्लास भरतो आणि तिथे गेल्या गेल्या पोरांना आडवं व्हावं लागतं. हो, आडवं. गच्चीवर सतरंज्या, सतरंज्यांवर पाचवी ते आठवीची पोरं उताणी, डोळे गच्च मिटलेले. मधोमध एका प्लास्टिकच्या खुर्चीत गार्डसर, मांडीवर एक हिरवी अन् एक लाल झेंडी. आम्ही अकोल्याहून बदलून अमरावतीला आलो त्याच आठवड्यात मी आमच्या गच्चीवरून हे पाहिलं. मला वाटलं, लेकरांना विषबाधा झाली.

"अहो काका, काय झालं या पोरांले?" मी कठड्यावरून ओरडलेच.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला लाल झेंडी दाखवली. मला! वाळत घातलेल्या मिरच्या तशाच टाकून मी खाली आले आणि नवऱ्याला म्हटलं, शेजार काही धड दिसत नाही.

गार्डसरांचं खरं नाव कॉलनीत कोणी घेत नाही. बडनेऱ्याहून सुटणाऱ्या मालगाड्यांवर त्यांनी गार्ड म्हणून जन्म काढला. निवृत्त झाले, पण शिट्टी आणि झेंड्या काही सुटल्या नाहीत. भाजीवाला गल्लीत शिरला की हे फाटकातून हिरवी झेंडी दाखवतात. सिलिंडरची गाडी मागे घ्यायची असली की यांची शिट्टी आधी वाजते. अकोल्यावर मात्र त्यांचा भारी राग. "तुमच्या अकोल्यात आमची गाडी नेमकी उन्हात उभी राहे, गौरीच्या आई," असं मला इतक्यांदा ऐकवलंय, की जसं काही सिग्नल मीच अडवून ठेवत होते.

पण क्लासमधला त्यांचा आवाज निराळा. तिथे ते हळू बोलतात, अंगाई म्हटल्यासारखे.

"डोये मिटा. मिटले? आता पूल पाहा. खाली नदी हाय. पानी कमी हाय, रेतीच जास्त. गाडी येऊन राहिली. इंजिन पुलावर चढलं. चाललं, चाललं, इंजिन पुलाच्या बाहेर आलं. पन मांगचा गार्ड अजून पुलावरच हाय. आता सांगा, गाडीनं पूल कवा ओलांडला म्हनाचं? इंजिनाचा पूल संपला तवा, का गार्डाचा संपला तवा? मंग गाडीले चालाचं किती पडलं? पुलाएवढं, का जास्त?"

मग लाल झेंडी वर. हिवाळ्यातलं पिवळं ऊन, कुठे तरी कपडे धुतल्याचा धपधप आवाज, लांबवर बडनेऱ्याकडची गाडीची शिट्टी, आणि एकही पोर हलत नाही. मिरच्या उलटवता उलटवता माझ्याही डोळ्यांपुढे तो पूल यायचा, आणि हातातलं काम तसंच राहायचं. खरं सांगते, मी गणितात कायम काठावर पास, पण त्या पुलावर मी किती तरी वेळा जाऊन आले.

मग हिरवी झेंडी हलायची आणि गच्चीवर नुसता बाजार. जो तो उठून आपलंच उत्तर बरोबर म्हणून भांडतोय, खडूनं फरशीवर रेघा ओढतोय. शेवटी कोणी तरी विचारणारच, "सर, कोनाचं बरोबर?"

आणि गार्डसर दोन्ही हात वर करून म्हणणार, "मले माईत नाई."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते इतक्या आनंदानं म्हणायचे, की पोरं चवताळून पुन्हा रेघा ओढायला बसायची आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उठायची नाहीत. मग वरूडच्या भाच्यानं पाठवलेल्या संत्र्यांतलं एकेक संत्रं, आणि सुट्टी. फी म्हणाल तर हीच, सालं पिशवीत टाकायची.

कॉलनी या वाक्यावर फिदा होती. कॉलेजात शिकवणारे आमचे एक शेजारी म्हणायचे, ही एकदम आधुनिक पद्धत आहे, खरा शिक्षक कधी उत्तर देत नाही. कोणी विचारलं, "गार्डसाहेब, हे तुम्ही कुठे शिकलात?" तर ते सांगायचे, "मी? मी झोपून शिकलो बापा." सगळे पोट धरून हसायचे. मीही.

माझ्या घरात मात्र हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आमची गौरी सातवीत. अभ्यासाला बस म्हटलं की फरशीवर आडवी.

"काय करून राहिली गं?"

"गणित."

कंपासपेटी कुठे टाकली? "मले माईत नाई." आणि वर तस्सेच दोन्ही हात! एकदा तर पोळ्या लाटत होते, तर माझी घडीची पोळी पाहून म्हणते, "आई, कागद असा अर्धा अर्धा करत गेलं तर किती पदर होतील? डोळे मिटून पाह्य ना." तव्यावरची पोळी करपली. मी लाटणं उगारलं, पण त्या दिवशी झोपेपर्यंत माझ्या डोक्यात पदरच पदर होते.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग क्लासमधल्या अथर्वचे वडील आले.

हे इंजिनिअर. अथर्वला स्कॉलरशिपच्या परीक्षेत चमकवायचा, असा घरादाराचा निर्धार. एका रविवारी इस्त्रीच्या शर्टात ते सरळ गच्चीवर आले. मीही तिथेच होते, गौरीचा स्वेटर द्यायला गेलेली. झोपलेली पोरं पाहून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"सर, पद्धत वगैरे ठीक आहे. पण एकदा तुम्ही स्वतः सोडवून दाखवा. हे घ्या. एक नळ टाकी तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर? मांडा फळ्यावर. नाही तर आम्ही पालकांनी कशाच्या भरवशावर मुलं पाठवायची?"

सरांनी खडू उचलला. फळ्याकडे गेले. एक नळ काढला, छान, तोटीसकट. मग दुसरा नळ काढला. मग थांबले. पाठमोरेच होते, पण कान लालबुंद झालेले मला दिसले. पोरं डोळे किलकिले करून पाहत होती. उत्तर मुद्दाम लपवणाऱ्या माणसाची ती पाठ नव्हती.

तेवढ्यात आमची गौरी पडल्या पडल्या म्हणाली, "सर, काका उभे आहेत. उभ्या माणसाले कसं दिसन?"

सर गर्रकन वळले. लाल झेंडी वर. "बरोबर हाय. साहेब, आडवे व्हा."

"मी?"

"इथचा नियम हाय."

तेवढी पोरं बघतायत म्हटल्यावर माणूस काय करेल? साहेब शर्ट सांभाळत सतरंजीवर आडवे झाले. सर हळू आवाजात टाकी भरू लागले, पाणी चढू लागलं, ऊन अंगावर आलं, आणि थोड्याच वेळात साहेब चक्क घोरायला लागले. पोरांनी भांडून, रेघा ओढून उत्तर काढलं तरी यांची गाडी जागची हलेना. शेवटी गौरीनं हलवलं. "काका, उठा. तुमची टाकी दोन तासातच भरली."

साहेब उठले, संत्रं घेतलं, ओशाळं हसले. "फार दिवसांनी अशी झोप लागली हो," म्हणाले, आणि गेले.

पोरंही गेली. मी मात्र थांबले. माझा स्वभावच तसा, मनात आलं की विचारायचं.

"सर, तुम्हाला ते नळाचं खरंच येत नव्हतं ना?"

त्यांनी झेंड्या गुंडाळल्या, खुर्चीवर बसले. "नाई येत. कोनतंच नाई येत. मी तं दर रविवारी सांगतो, मले माईत नाई म्हनून. तुमीच कोनी आयकत नाई."

मग सगळं बोलले. क्लास त्यांचा नव्हताच. सुधाबाईंचा होता, त्यांच्या बायकोचा. खाली बैठकीत ज्यांचा हसरा फोटो आहे त्या. शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी दुपारी घरी पोरं जमवायच्या, परीक्षेसाठी नाही, नुसती मजा म्हणून. हे रात्रभर गाडीवर ड्यूटी करून आलेले, आतल्या खोलीत खाटेवर पडलेले.

"भिंतीपल्याड तिचा आवाज येत राहे. प्रश्न आयकला का मले थो दिसे. पूल दिसे, टाकी दिसे. पुलाचा तं तिनं माह्यासाठीच केला होता. अन् पाहता पाहता डोया लागे. उत्तर कवाच आयकलं नाई, गौरीच्या आई. एवढ्या वर्षांत एकही नाई. आता मांगच्या डब्यात एकटं बसाची सवय होती मले, पन घरातला रविवार नाई सहन झाला. पोरं पाह्यजे होती गच्चीवर. मंग जेवढे प्रश्न आठोले तेवढे घेऊन बसलो."

"मग चालू द्या की! पोरं काढतात ना उत्तरं."

"प्रश्न संपले." ते हातातल्या झेंडीकडे पाहत होते. "एकच राह्यला. थो इचारला का क्लास बंद. म्हनून इचारत नाई."

तो प्रश्न सुधाबाईंचा शेवटचा. त्या रविवारी पोरं गेल्यावर त्या चहा घेऊन खाटेपाशी आल्या होत्या. 'झोपलेच ना परत? आज बर्फी कापली आमी. मंधातला एक तुकडा बिनवर्खाचा, एकटाच राह्यला. पुढच्या रविवारी अजून बारीक कापू, मंग त्याचं काय होते थे पाहू.' हे म्हणाले, आत्ताच सांगून टाक ना. त्या म्हणाल्या, 'अहं. रविवारी जागे राहा.'

पुढचा रविवार सुधाबाईंनी पाहिला नाही. आठवडा पुरा व्हायच्या आतच त्या अचानक गेल्या.

मी रडले, आणि रडताना आवाज करते मी, त्यामुळे त्यांनीच मला संत्रं सोलून दिलं. "इचारा," मी कसंबसं म्हटलं. "बाईंनी कापायला काढलेली बर्फी अशी ठेवू नये सर."

पुढच्या रविवारी मीही सतरंजीवर आडवी झाले. मिरच्या गेल्या खड्ड्यात.

"डोये मिटा," सर म्हणाले. "बर्फीचा मोठा चौकोनी ठोकळा हाय. सहाही बाजूनं चांदीचा वर्ख लावला. आता काप द्या. लांबीत तीन भाग, रुंदीत तीन, उंचीत तीन. सारे तुकडे झाले. वर्ख कोनाले नाई लागला?"

"एकाले," अथर्व म्हणाला. "एकदम मंधातल्या."

"हो." हे एक उत्तर सरांना ठाऊक होतं. "थो एकटा हाय आतमंधी. आता नवी बर्फी घ्या, तेवढीच. वर्ख लावा. तीनच्या जागी चार-चार भाग करा. सांगा, त्या मंधातल्याचं काय झालं?"

लाल झेंडी वर गेली. कोणी हललं नाही. मी डोळे मिटून त्या बर्फीत शिरले. आत पांढरं, मऊ, शांत होतं. मला काहीच मोजता येईना, फक्त तो एकटा तुकडा सारखा दिसत राहिला.

हिरव्या झेंडीची वाट न पाहता गौरी उठून बसली.

"सर, थो एकटा नाई राहत. आत आठ जन असते."

"आठ?"

"खाली चार, वर चार." तिनं फरशीवर चार संत्री एकमेकांना चिकटवून मांडली, वर चार धरायला अथर्वचे हात घेतले. "हे पाहा. सारे एकमेकांले लागून."

सर त्या संत्र्यांकडे पाहतच राहिले. मग जिन्याकडे वळले, खाली बैठकीत जायचा जिना आहे तिकडे, आणि अगदी हळू म्हणाले, "आयकलं काय? आज मी जागा होतो."

पोरांना काही कळलं नाही. मी पदर तोंडात कोंबला. सरांनी झेंड्या गोळा करायला घेतल्या, नेहमीपेक्षा सावकाश. मला वाटलं, झालं, संपलं.

"सर," अथर्व संत्री खाली ठेवत म्हणाला, "पाच-पाच कापले तर?"

सरांनी मान वर केली. तेवढ्यात पोरं आपली आपण आडवी झालीसुद्धा.

"मले माईत नाई," सर म्हणाले, आणि झेंड्या माझ्या हातात देऊन पहिल्यांदाच पोरांच्या मध्ये सतरंजीवर पडले. डोळे मिटले. ऊन कलायला लागलं होतं. प्रश्न माझ्या डोक्यात नीट शिरेपर्यंत ते घोरायलाही लागले.

पोरांनी या वेळी भांडण कुजबुजत केलं. उत्तर सत्तावीस आलं. "अबे, आत तर पहिली तीन-तीनचीच बर्फी अख्खी बसली!" अथर्व ओरडणारच होता, पण गौरीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

सरांना उत्तर सांगायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. पुढच्या रविवारी सांगायचं.