रिकाम्या खोलीतले स्पीकर

आमच्या घरात कापूस कधी भरला जातो, याची आमच्यापेक्षा रशीदचाचांना जास्त घाई असे. विकत घ्यायला नव्हे. भाव वाढेल या आशेने लोक कापूस घरातच आढ्यापर्यंत भरून ठेवतात, आणि अशा खोलीत आवाज घुमत नाही, हा चाचांचा शोध. वेचणी आटोपली की दोन स्पीकर बगलेत मारून ते हजर होत.

धंदा गाद्या भरण्याचा. आमचं निम्मं धामणगाव बढे गाव त्यांच्या गाद्यांवर झोपतं, पण त्याचं त्यांना कौतुक नाही. जीव सगळा स्पीकरांत. एक बाजारातून आणलेला, दुसरा भंगारातल्या जीपचा, घरच्या प्लायवूडच्या खोक्यात बसवलेला. कोणता कुठला ते दिसू नये म्हणून दोन्हींवर चादर टाकायची, खिशातल्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधून साध्या मोबाइलला वायर जोडायची आणि एकच गाणं आळीपाळीने वाजवून कोणता बरा ते विचारायचं. आवाज आधी सारखा करून घेत. "जो जोरात वरडते तोच लोकायले चांगला वाटते. इलेक्शनमंदी पाह्यलं नाही काय?" आपण गोंधळून त्यांच्याकडे पाहिलं की म्हणत, "माह्याकडे काऊन पाह्यतं? कानाले विचार." लोक हमखास बाजारचाच निवडत. चाचा चहा न घेता निघून जात.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. बीटी बियाण्याच्या कापसाला अळी लागत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. गुलाबी अळीने बोंडं आतून खाल्ली. आमच्याकडे थोडा तरी कापूस आला, शेजारच्या वसंताच्या खोलीत बोंडही नाही. त्याने उभ्या पिकात नांगर घातला आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. बोलणं बंद, जेवण नावाला.

"भाऊ, मले लय भेव वाटून राह्यलं," त्याची बायको सुमनवहिनी मला म्हणाली. भीती कसली, ते मलाही ठाऊक होतं. तोंडाने कोणी म्हणत नव्हतं.

अशात एका सकाळी चाचा स्पीकर घेऊन थेट वसंताच्या घरात शिरले. मी मागोमाग धावलो.

"वसंता, तुही खोली रिकामी हाय ना? रिकाम्यात कसे वाजतात, थे आयकाचं राह्यलं माह्यं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी पदर तोंडाला लावून उभी. चाचांनी शांतपणे दोन्ही स्पीकर कोपऱ्यात मांडले, चादर टाकली आणि गाणं लावलं. वरचे पत्रे थरथरले. मग दुसऱ्यावर तेच गाणं. मग पुन्हा पहिल्यावर. मी वायर काढायला वाकलो, तर त्यांनी माझा हात झटकला.

"कोपऱ्यातून काढा न चाचा ते," खाटेवरून आवाज आला. "समदं घुमून राह्यलं."

"कुठी ठेवू मंग?"

"मधात घ्या."

"मधात कुठी? मले समजत नाही बाप्पा."

वसंता उठला. बडबडतच त्याने स्पीकर हलवले, मागे दोन गोधड्या टांगल्या, पुन्हा ऐकलं आणि म्हणाला, "हा डावा बेकार हाय." डावा चाचांचा होता. चाचा भांडले, वसंताही भांडला, आणि वहिनी घाईघाईने चहा ठेवायला वळली.

परतताना चाचा माझ्या ओट्यावर बसले. 

"मंग, रिकाम्यात कोणता बरा?" मी विचारलं.

"कोनाचं ध्यान होतं बे तिकडं?" ते म्हणाले. डोक्यावरची काढून त्यांनी टोपीनेच डोळे पुसले. "निंघताना वसंता मले म्हने, उद्या या, अजून एक खेप लावून पाहू." टोपी डोक्यावर ठेवत ते पुन्हा म्हणाले, "उद्या म्हने बे तो."