लेन्सचं झाकण

बायको गेली हे फोटोवाल्यांना दवाखान्यातच कळलं होतं. पण तिच्याबरोबर नेमकं काय गेलं, ते कळलं शाळेच्या मुख्याध्यापिका बाई स्टुडिओत आल्या त्या दिवशी. बाईंनी पर्समधून वर्गफोटोंचं पाकीट काढलं आणि पत्ते मांडावेत तसे एकेक फोटो टेबलावर मांडले.

"हे काय आहे?"

"वर्गफोटो," फोटोवाले म्हणाले.

"ते मलाही दिसतंय. चेहरे बघा ना! पालक फोन करून विचारतात, शाळेत काही झालंय का म्हणून."

फोटोवाल्यांनी चष्मा लावून पाहिलं. फोकस चोख होता, उजेड सगळ्यांवर सारखा होता. पण ओळीने बसलेली पोरं अशी दिसत होती, की जणू आत्ताच कोणीतरी येऊन सुट्टी रद्द झाल्याचं सांगून गेलंय. मागे उभ्या असलेल्या वर्गशिक्षिका तर रडायच्याच बेतात होत्या.

"दरवर्षी तुमच्या फोटोत पोरं कशी खिदळत असतात," बाई जरा नरमाईने म्हणाल्या. "शनिवारी चौथीचा पुन्हा काढा. बरा आला तर सगळे वर्ग परत काढू. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

फोटोवाल्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. हल्ली आणखी काही वाटून घ्यायला आत जागाच नव्हती. पण शाळेचं काम गेलं तर स्टुडिओ उघडायला कारण उरणार नव्हतं, आणि स्टुडिओ उघडला नाही तर दिवसभर घरात बसावं लागलं असतं. घरात बसायची त्यांना धास्ती होती. घरात आता फक्त फ्रिज बोलायचा, तोही मधूनमधून.

संध्याकाळी मेहुणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे त्यालाही आता टक्कल पडलं होतं. समारंभांचं व्हिडिओ शूटिंग तो करायचा, फोटो फोटोवाले काढायचे. त्याने वर्गफोटो एकेक करून पाहिले.

"कॅमेरा गेलाय," फोटोवाल्यांनी निदान सांगितलं. "जुना झाला. रंग मारतो सगळे."

"रंग ठीक आहेत, भाऊजी."

"मग चेहरे का असे येतात?"

मेहुण्याने तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "नवीन घेऊया."

कॅमेऱ्यांचा दुकानदार एकदा बोलायला लागला की त्याला गिऱ्हाईक लागत नसे. त्याने काचेवर मऊ कापड अंथरलं आणि त्यावर दोन कॅमेरे ठेवले.

"दोन्ही फुल फ्रेम, दोन्ही मिररलेस. म्हणजे आत आरसा नाही, खटखट नाही, वजन कमी. हा पहिला फोटोसाठी. इतके मेगापिक्सेल, की माशी बसली तर तिच्या पायावरचे केस मोजा."

"आमच्याकडे माश्या फोटो काढायला येत नाहीत," फोटोवाले म्हणाले.

"काका, उदाहरण दिलं. हा दुसरा व्हिडिओसाठी. हात हलला तरी चित्र हलत नाही. तासन् तास चालवा, तापत नाही."

"म्हणजे पहिला तापतो?" मेहुण्याने विचारलं.

"तापतो म्हणजे... माणूस नाही का तापत?"

मेहुण्याचं मन दुसऱ्यावर बसलं. फोटोवाल्यांनी पहिला डोळ्याला लावला, मग दुसरा, मग परत पहिला. दोन्हींतून दुकानदार सारखाच दिसत होता. एकातून तो सुधारेल अशी काही लक्षणं नव्हती.

अशा वेळी बायको फार उपयोगी पडायची. तिला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तिला ठरवायला वेळ लागत नसे. ती पट्टा फोटोवाल्यांच्या गळ्यात अडकवायची, दोन पावलं मागे जाऊन बघायची आणि म्हणायची, "हा नको. याने मान मोडेल." की झाला सौदा. फोटोवाल्यांनी पट्टा गळ्यात अडकवून पाहिला. दोन पावलं मागे जाऊन बघायला कोणी नव्हतं.

परगावच्या लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, नेटवर रिव्ह्यू बघितले का?"

"बघितले. एक जण म्हणतो हाच घ्या. दुसरा म्हणतो हा घ्याल तर पस्तावाल. दोघंही तेवढेच खुशीत असतात."

"बरं, तुम्ही जेवताय ना नीट?"

"जेवतोय. आणि एक सांगतो, हल्ली मी झाकणसुद्धा विसरत नाही. एकदाही नाही."

लेक पलीकडे हसली. लेन्सच्या झाकणाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. ग्रुप फोटो असला की फोटोवाले पुढे जायचे, कोणाची कॉलर सारखी कर, कोणाला डावीकडे सरकव, असं करून परत यायचे आणि डोळा लावायचे तो आत मिट्ट काळोख. मग ट्रायपॉडजवळ दिवा धरून उभी असलेली बायको सगळ्यांदेखत ओरडायची, "अहो, झाकण काढा आधी! सगळा संसार मी असाच अंधारात केलाय!" लोक खो खो हसायचे. फोटोवाले खजील होऊन झाकण काढायचे आणि बटण दाबायचे. घरी येऊन मात्र भांडायचे. "चारचौघांत कशाला बोलतेस?"

"मग काय, अंधाराचे फोटो देऊ लोकांना?" ती म्हणायची आणि चहा टाकायची. फोटोवाले मुकाट चहा प्यायचे. विसरलेले तर तेच असायचे.

शेवटी दुकानदारानेच तोड काढली. जुनं गिऱ्हाईक म्हणून दोन्ही कॅमेरे शनिवारपुरते नेऊन बघा, म्हणाला.

शनिवारी शाळेच्या पायऱ्यांवर चौथीचा वर्ग बसला. फोटोवाल्यांनी पहिला कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला. त्याने आपण होऊन प्रत्येक पोराचा डोळा शोधला आणि त्याभोवती हिरवी चौकट काढली.

"हसा," फोटोवाले म्हणाले.

पोरं हसली नाहीत. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने घाबरून शेजारणीचा हात धरला. फोटो आला. प्रत्येक पापणी मोजता येत होती, आणि प्रत्येक पापणीखाली सुतक होतं. मुख्याध्यापिका बाईंनी मागून डोकावून पाहिलं आणि घड्याळ बघितलं.

"आता दुसरा लावू," मेहुणा घाईने म्हणाला. "पहिला मी तिकडे स्टुलावर व्हिडिओ चालू करून ठेवतो. कितपत तापतो ते तरी कळेल." त्याने तसं केलं, दुसरा ट्रायपॉडवर चढवला आणि म्हणाला, "भाऊजी, तो उंच पोरगा मागच्या मुलीला झाकतोय. जरा बघता का?"

फोटोवाले जड पावलांनी पुढे गेले. उंच पोराला मागे नेलं, एकाची कॉलर सारखी केली आणि परत आले. बघतात तो पडदा काळा.

त्यांनी कॅमेरा बंद करून चालू केला. काळाच. बॅटरी काढून घातली, कार्ड काढून घातलं. मग एक बटण दाबलं आणि सगळी अक्षरं कुठल्यातरी परक्या लिपीत गेली. ती परत आणायला आणखी दोन बटणं दाबली, तेव्हा कॅमेरा टुंग करून दहा, नऊ, आठ मोजायला लागला.

"अरे, हा काय करतोय?"

"झाकण!" मुख्याध्यापिका बाईंचा संयम संपला. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मैदानाला गप्प करणारा आवाज होता तो. "अहो, झाकण काढा की आधी!"

पोरांनी आधी बाईंकडे, मग लेन्सकडे पाहिलं. मग मागच्या ओळीत कोणीतरी फिस्स केलं आणि सगळा वर्ग फुटला. उंच पोरगा शेजाऱ्याच्या अंगावर पडला. वर्गशिक्षिकांनी तोंडावर पदर धरला. आणि ज्यांना हसताना शाळेत कोणी पाहिलं नव्हतं, त्या मुख्याध्यापिका बाई डोळे पुसायला लागल्या. फोटोवाल्यांनी झाकण ओढून काढलं, तोवर मोजणी संपून कॅमेरा आपला आपणच धाडधाड फोटो काढत सुटला होता.

फोटो बघून बाई म्हणाल्या, "सोमवारी पाचवीपासून सुरू करा."

संध्याकाळी मेहुण्याला मागे टाकून फोटोवाले दुकानाच्या पायऱ्या जवळजवळ पळत चढले. "दुसरा द्या," ते धापा टाकत म्हणाले. "काय जिवंत चेहरे येतात याच्यात! पहिला तुमच्या माश्यांसाठी ठेवा."

दुकानदाराने दोन्हीकडचे फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि चक्रावून गेला. "काका, कॅमेऱ्यात असं काही नसतं. आतला सेन्सर जवळजवळ सारखाच आहे. काढा बघू माझा."

फोटोवाल्यांनी दुसऱ्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला. पडद्यावरचा दुकानदार दुकानाला टाळं लागल्यासारखा दिसत होता.

"सकाळी चांगला होता हो," फोटोवाले कॅमेरा हलवून बघत म्हणाले.

"थांबा. पहिल्यातला व्हिडिओ बघू. त्यावरून उजेडाचा अंदाज येईल."

"तो राहू द्या," मेहुणा एकदम म्हणाला. "तापून बंद पडला असेल तो."

तो तापला नव्हता. स्टुलावर बसून त्याने सगळं टिपलं होतं. पडद्यावर फोटोवाले पाठमोरे पुढे जाताना दिसले. खांदे पडलेले, पाय ओढत. ते उंच पोराचा दंड धरून त्याला मागे नेत होते, तेवढ्यात मेहुण्याने इकडेतिकडे पाहिलं, खिशातून झाकण काढलं आणि हळूच लेन्सवर बसवलं. इतके मेगापिक्सेल होते, की त्याच्या अंगठीतला खडासुद्धा दिसला.

दुकानदाराने व्हिडिओचा आवाज कमी केला.

"ताईने सांगितलं होतं," मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला. "दवाखान्यात. म्हणाली, तुझ्या भाऊजींचं तोंड बघून कोणी हसायचं नाही, तेव्हा झाकण लावत जा. मी दोनदा लावायला गेलो, पण तुम्ही हल्ली कॅमेऱ्याजवळून हलतच नाही."

"लावत जा म्हणजे?"

"म्हणजे ती लावायची तसं."

"मी विसरायचो ते..."

"तुम्ही कधीच विसरला नाहीत, भाऊजी. काढलेलं झाकण ती परत लावायची."

फोटोवाल्यांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे आता चौथीचा वर्ग हसत होता. त्यांनी खाली बसायला स्टूल शोधलं आणि बसले.

दुकानदार खाकरला. "मग काका, कुठला देऊ?"

फोटोवाले उठले. त्यांनी पहिल्या कॅमेऱ्याचं झाकण काढून परत बसवलं. टक् असा आवाज झाला. मग दुसऱ्याचं बसवलं. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं आणि कान देऊन ऐकलं.

"याचा आवाज होत नाही," ते म्हणाले. "हा द्या." मग मेहुण्याकडे वळले. "आणि सोमवारी जरा सफाईने लाव. मी बघणार नाही."

कॅमेरा घेऊन ते घरी आले. फ्रिज चालू होता. पाचवीपासूनचे सगळे वर्ग काढायचे होते, कॅमेऱ्याची परक्या लिपीत गेलेली अक्षरं अजून परत आणायची होती. आणि इतकी वर्षं चारचौघांत त्यांना विसरभोळं ठरवल्याबद्दल बायकोशी भांडायचं राहून गेलं होतं.