एक छत्री, दोन रिसीव्हर

आई गेली तेव्हापासून आबांची खाट हॉलमध्ये, आणि टीव्हीवर राज्य त्यांचंच. माझी मॅच रंगात आली की नेमक्या ह्यांना कुस्त्या हव्यात! म्हणून ठरवलं, आबांना आतल्या खोलीत वेगळा टीव्ही आणि वेगळा रिसीव्हर द्यायचा. (बायकोला, भारतीला, म्हणालो, "त्यांच्याच सोयीसाठी.")

बन्सी डिशवाल्यानं गच्चीवरच्या छत्रीच्या वायरला दोन फाटे काढले. "दहा टीव्ही चालतील, साहेब!" असं छातीठोक सांगून तो घोडेगावच्या बाजाराला निघून गेला. आबांची खाट आत गेली. जाताना ते एवढंच म्हणाले, "बरंय."

मी ऐटीत मॅच लावली. तेवढ्यात पडद्यावर मुंग्याच मुंग्या!

"आबा, काही दाबलंत का?"

"कुस्ती लावली."

मी पुन्हा मॅच लावली. आतून आरोळी आली, "भिमराज, मुंग्या आल्या रं!"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. छत्री एका वेळी एकाच रिसीव्हरचं ऐकत होती. मी चॅनेल बदललं की आबांचं चित्र जायचं, त्यांनी बदललं की माझं. मग काय, जुंपली! आठवडाभर ते आतून ओरडतायत, मी बाहेरून. (पंचायत समितीत माझा आवाज कुणी ऐकला नसेल, गल्लीनं मात्र रोज ऐकला.)

शेवटी तणतणत आत गेलो. कुस्ती चालू होती, पण आबांचं तिकडे लक्षच नव्हतं. रिमोट हातात धरून ते दाराकडे बघत बसले होते.

"आबा, मुद्दाम करताय ना?"

"व्हय."

"अहो, पण का?"

"मी दाबलं की तू वरडतुस. तेवढंच बोलनं हुतं आपलं. तुझी आई हुती तवा न्हाई लागायचं असं काई."

मला फार वाईट वाटलं. खाट उचलली आणि बाहेर आणली.

आता हॉलमध्ये सून-सासरे मिळून कुस्त्या बघतात आणि खिदळतात. काल मला राहवलं नाही. आत गेलो, टीव्ही लावला. मुंग्या. बटणं दाबत बसलो. म्हटलं, आता बाहेरचं चित्र जाईल आणि कुणीतरी हाक मारेल. दाबून दाबून अंगठा दुखला, पण हाक काही आली नाही.

सकाळी अंगणात गेलो तर आतल्या टीव्हीची वायर ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधलेली, आणि तिच्यावर माझाच बनियन वाळत होता.