हेकरूची गाभोळी

चाळीस वर्षं मी हर्णैच्या समुद्रात गळ टाकला आहे. तेव्हा मुलाच्या त्या प्लास्टिकच्या कयाकमध्ये बसून एक हेकरू मासा काढणं म्हणजे माझ्यासाठी दाढी करण्याइतकं सोपं! निदान घरात मी तसं जाहीर केलं होतं.

हा सगळा खटाटोप साबिरासाठी, माझ्या बायकोसाठी. तिच्या उपचारासाठी मुलाने, अदनानने, आम्हाला सौदीत खोबरला आणलं. औषधांनी तिच्या तोंडाची चवच नेली. तीन आठवडे फक्त पेज, तीही सून इफराने चमच्याने भरवलेली. एके सकाळी ती म्हणाली, "गाभोळी असती तर दोन घास गेले असते."

गाभोळी म्हणजे माशाची अंडी. एप्रिल महिना! हेकरू अंड्यावर आलेला. इथे त्याला हामूर म्हणतात, पण पोट तेच.

"बाजारातून आणतो, अब्बा," अदनान म्हणाला.

"बाजारात पोट साफ करून देतात. मी आणतो!"

तो अबकैकला ड्यूटीवर गेला आणि मी कयाक डोक्यावर घेऊन घरासमोरचा किनारा गाठला. तासाभरात दोरीला असा हिसका बसला की खांदाच निखळतोय! मोठा मासा लागला की होडीत उभं राहायचं, ही माझ्या पायांची सवय. पाय उभे राहिले. कयाक राहिली नाही!

दोरी मनगटाला, हेकरू दोरीला, आणि मी पाण्यावर तरंगणारा सत्तरीचा बोयरा! समुद्री पोलिसांची बोट आली. एकाने दोरी कापायला सुरी काढली.

"नको! पहले मछली!" मी ओरडलो.

आम्ही दोघे वर आलो, आधी मासा. साहेबाला मोडकं हिंदी येत होतं. "बाबा, मरने आया? परवाना कहाँ?"

"बीवी बीमार. खाना बंद. मछली का अंडा खाएगी."

त्याने घरचा नंबर मागितला आणि स्पीकरवर लावला. फोन इफराने घेतला, "पोलीस" ऐकून किंचाळली, आणि साबिराने तो तिच्या हातातून ओढला.

"बुडालात?"

"नाही गं!"

"बुडा हवं तर, पण मासा वर धरा!"

साहेबाने हेकरूवर स्वतः बर्फ घातला. "खलास. दुबारा नहीं."

घरी मी कोणाला हात लावू दिला नाही. मासा मीच कापला, गाभोळी मीच तळली, ताट साबिराच्या मांडीवर ठेवलं. तिने घास घेतला. मी श्वास धरून उभा.

"बरी झालीय. अजून द्या."

चाळीस वर्षांत ही बाई माझ्या कशालाही बरं म्हणाली नव्हती! तिने तीन तुकडे खाल्ले. इफराचे डोळे भरून आले. मी स्वयंपाकघरात जाऊन कढईतला एक तुकडा तोंडात टाकला.

कडू जहर!

कापताना मी पित्त फोडलं होतं. मासे पकडायचो मी, कापायची नेहमी ती. पित्त कुठे असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि तिला कडूसुद्धा कळलं नव्हतं.

इफरा ताटली घेऊन दारात आली. "अब्बा, मलाही चाखू द्या ना!"

मी उरलेले चार तुकडे घाईघाईने तोंडात कोंबले, चावले, गिळले.

सून आता ओळखीच्या सगळ्यांना सांगत असते, आमचे अब्बा फार हावरट आहेत!