गाडीला वजनच नाय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. शेजारच्या नानांना गेम बनवणाऱ्या परदेशी कंपनीकडून जे पत्र आलं, ते मीच लिहिलं होतं.

नाना वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर होते. नवी गाडी चालवून बघायची आणि वहीत रिमार्क लिहायचा, हे काम. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून पुण्याच्या मुलीनं, सुनंदानं, टीव्हीला जोडायचा रेसिंगचा गेम आणून दिला. नाना तो खेळत नाहीत, तपासतात. वळण आलं की हॉर्नची कळ शोधतात. उतारावर गियर खाली आणतात. मागून कुणी धडकलं, तर रिमोट खाली ठेवून देतात. "पंचनामा होईस्तोवर गाडी हलवायची नाय." तोवर बाकीच्यांची शर्यत संपलेली असते.

त्यांचं मुख्य दुखणं वेगळंच.

"सर, हे बघा. दीडशेच्या स्पीडनं वळण घेतलं. कन्नडच्या घाटात असं केलं तर सांगाडा काढायला क्रेन लागंल. अन् ही बया लोण्यावानी फिरली. भिंतीला घासली, तर भिंतीनंच वळवून दिली. गाडीला वजनच नाय."

"गेम आहे, नाना."

"असू द्या की. चाकं चारच हायेत ना?"

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. नानांनी गेमच्या कंपनीला कळवायचे अकरा रिमार्क सांगितले, मी इंग्रजीत उतरवले, 'आजच पाठवतो' म्हणालो आणि पाठवले नाहीत. लाज वाटली. असलं पत्र, आणि खाली माझा ईमेल. नाना रोज फाटकाशी उभे. "आलं का हो उत्तर?" पंधरा दिवसांनी मीच चार ओळी टाइप केल्या: रिमार्क मिळाले, पुढच्या अपडेटमध्ये गाडीचं वजन वाढवू. शाळेच्या प्रिंटरवर छापून त्यांच्या हातात दिल्या.

पुढच्याच आठवड्यात गेमचं अपडेट खरोखर आलं. नाना एक वळण घेऊन थांबले. "वाढलं, सर. मागचं चाक आता दबतंय." मी स्वतः चालवून पाहिली. गाडी होती तशीच फिरली. मग नानांना काय जाणवलं? की मलाच गाडीतलं कळत नाही? मला अजून उलगडलेलं नाही.

परवा सुनंदाचा फोन आला. "काका, तुम्हीच समजवा नानांना. इकडं यायला तयार झाले होते, मी खोलीसुद्धा रिकामी केली. आता म्हणतात, कंपनीचं काम चालू आहे, पुण्यात सर नाहीत, पत्रव्यवहार कोण करणार?"

मी सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. टीव्हीखाली माझं पत्र होतं, लॅमिनेट केलेलं.

"कारखान्यात हजारो रिमार्क लिहिले, सर," नाना म्हणाले. "नीट केलं का फेकून दिलं, एकानं कधी येऊन सांगितलं नाय. हे पहिलंच." मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. बारावा घ्या. वळणावर समोरनं कुणी आलं, तर आपल्याला थांबता आलं पाहिजे. पोरं हेच बघून गाडी शिकत्यात."

मी बसलो आणि लिहून घेतलं.

सुनंदाकडची खोली रिकामीच आहे. नाना इथंच आहेत, एकटे. ते पत्र माझं होतं, हे त्यांना सांगणं माझ्याकडून राहिलं आहे. आणि बारा रिमार्क पाठवणंही.