मोठा हूक

पोरगी स्वतःच्या डोक्यावर मूठ मारायला लागली त्याला पाच दिवस झाले होते, आणि एव्हाना घरादाराने तिच्यावर आपापला इलाज करून घेतला होता. सव्वा वर्षाचं लेकरू. तोंडातून अजून एक शब्द नाही. आई रोज विनवायची, "एकदा 'आई' म्हण गं, मग काही मागणार नाही." शब्द राहिला बाजूला, हे भलतंच सुरू झालं. आई स्वयंपाकघरात वळली, की हिची मूठ डोक्यावर. टक, टक, टक.

"डोकं दुखतंय तिचं," म्हणत आजीने वाटीभर तेल जिरवलं. "कान असेल हो," म्हणत शेजारच्या काकूंनी कापूस घालायला लावला. आता तेल आणि कापूस आल्यावर टोपी यायचीच. तर बाईसाहेब टोपीवर मूठ मारू लागल्या.

शेवटी आजीने लेकाला फोन लावला. "अरे, पोर डोकं बडवून घेतेय!"

लेक बांधकामावर क्रेनच्या ऑपरेटरला हातांनी इशारे देतो. पोर झोपेत असताना निघतो, ती पेंगायला लागली की परततो. बाप-लेकीची खरी गाठ रविवारी. त्यामुळे हा प्रकार त्याने पाहिलाच नव्हता. डोळ्यांपुढे भिंत आली, भिंतीवर आपटणारं इवलंसं डोकं आलं, आणि गडी ओरडला, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी परस्पर येतो."

दवाखान्यात पोरगी शहाण्यासारखी बसली. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, डोळे पाहिले. मूठ काही वर जाईना.

"घरी सारखी मारते हो!" आई रडकुंडीला आली. "माझंच काहीतरी चुकलं असणार."

"असं काही नसतं. तुम्ही बाहेर हा फॉर्म भरून आणा बरं."

आई दाराबाहेर गेली मात्र, टक, टक, टक. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. तेवढ्यात डोक्यावरच्या हेल्मेटसकट बाप आत घुसला, लेकीकडे बघत राहिला आणि चक्क हसायला लागला.

"हसतोस काय, अक्कलशून्या!" आजी कडाडली.

"अगं, मोठा हूक मागतेय ती! क्रेनला दोन हूक असतात. डोक्यावर मूठ मारली की मोठा हूक सोडायचा. आम्ही रविवारी क्रेन-क्रेन खेळतो ना. मी छोटा हूक, आणि..." अर्धा भरलेला फॉर्म घेऊन बायको दारात उभी होती. तिला पाहून तो लाजला. "मोठा हूक तू. जड काम मोठ्याकडे असतं. तिला रडू आलं की तूच लागतेस."

"म्हणजे पाच दिवस ही मला हाक मारत होती?" आईने फॉर्म तसाच टेबलावर ठेवला. "आणि मी मेली टोपी घालत होते!"

"अहो, बोलतेच आहे की ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी हात बोलतात, मागून तोंड. तिने मूठ मारली की जवळ घ्या आणि 'आई' म्हणा. आणि तुम्ही हो, खेळताना बोलत जा जरा."

"साइटवर त्या आवाजात बोलून उपयोग नसतो. सवयच गेली," बाप पुटपुटला.

"घरी ऐकणारं माणूस आहे. चला, पुढचा पेशंट थांबलाय."

आजीने पिशवी उचलली. बापाने लेकीला उचलून घेतलं. आई मात्र जागची हलेना.

"एकच मिनिट हं, डॉक्टर," ती म्हणाली, डोळे पुसले, आणि हाक ऐकायला पुन्हा दाराबाहेर जाऊन उभी राहिली.