विसरलेल्या बियांची शेती

एका जंगलात, बाळांनो, हवं ते सगळं होतं. सावली होती, ओढा होता, ओढ्यापलीकडे चारोळीची राई होती. फक्त उत्पन्नावरचा कर नव्हता. मग तोही आला. आता आपलं जंगल पूर्ण झालं, असं बिबटेमहाराजांनी जाहीर केलं.

त्याचं असं झालं, की आजूबाजूची सगळी रानं मिळून एक महारान केलं होतं. प्रत्येक रानाची आपली कचेरी आणि सगळ्यांच्या डोक्यावर महारानाची कचेरी. खालची कचेरी कर घ्यायची, वरचीही घ्यायची. द्यायला मात्र ढोली एकच असायची. याला संघराज्य म्हणतात. पुढे परीक्षेला येईल, तेव्हा जांभया देऊ नका.

महारानाचा कायदा तसा सोपा होता. जे तोंडापर्यंत आलं ते उत्पन्न, आणि त्यातला वाटा कचेरीचा. ज्याला खुलासा करता येणार नाही त्याचा साठा जप्त आणि घर मातीने लिंपून बंद. कायदा माहीत नव्हता, ही सबब चालणार नाही, असंही कायद्यातच होतं. तो कायदा वाचायला कुठे मिळतो, एवढंच त्यात नव्हतं.

या जंगलात सगुणा नावाची खार राहायची. कामाला चपळ, पण भारी विसरभोळी. चारोळ्या पिकल्या की ती थोड्या ढोलीत भरायची, थोड्या जमिनीत पुरायची, आणि कुठे पुरल्या ते विसरून जायची. तिची आई तशीच होती, आजीही तशीच. त्या उन्हाळ्यात सगुणाला पिलं झाली होती. त्यांचे डोळेही अजून उघडले नव्हते. पावसाळा तोंडावर आला होता आणि ढोली काठोकाठ भरली होती. सगुणा निर्धास्त होती. म्हणजे तिला नोटीस येणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

नोटीस घेऊन घोरपडबाई आल्या. कचेरीने घोरपडीला नेमलं ते विचार करूनच. ती एकदा चिकटली की काही केल्या सुटत नाही.

"या चारोळ्या कुठून आल्या?" बाईंनी विचारलं.

"झाडावरून, बाई."

"ते मलाही दिसतंय. कोणत्या सदरात बसतात?"

"ढोलीतच बसतात, बाई. जरा दाटीवाटीनं."

घोरपडबाईंनी जीभ आत-बाहेर केली. "पावसाआधी कचेरीत येऊन नीट खुलासा कर. नाहीतर ढोली लिंपावी लागेल. माझ्या मनात नाही हो, पण कायदा आहे."

सगुणा घाबरली. पावसात पिलांना घेऊन जायचं कुठे? मग कुणीतरी तिला सांगितलं, अगं, कायदा शिकून घे, सगळं सुरळीत होईल. ज्यांना नोटीस आलेली नसते ते असा सल्ला फार आपुलकीने देतात.

ओढ्याकाठच्या गुहेत वटवाघूळ सरांचा क्लास चालायचा. प्राप्तिकराची मूलतत्त्वे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फी आगाऊ. सर उलटे लटकून शिकवत. त्यांना सगळं जग उलटं दिसायचं, त्यामुळे कायदा तेवढा सरळ दिसायचा. ते स्वतः कर भरत नसत. पक्ष्यांच्या यादीत त्यांना शोधावं तर ते प्राणी असत, आणि प्राण्यांच्या यादीत शोधावं तर पक्षी. असा जाणकार शिक्षक मिळायला नशीब लागतं.

सगुणाने फी म्हणून गाल भरभरून चारोळ्या नेऊन दिल्या. पिलांना झोपवून ती रोज दुपारी गुहेत जायची आणि मान वाकडी करून बसायची. सर दिसायला तेवढा एकच मार्ग होता.

"उत्पन्न म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"जे मिळालं ते."

"चूक. जे मिळालं ते, आणि जे मिळायला हवं होतं तेही."

"आणि पिलांनी खाल्लं ते, सर?"

"ते तुझं उत्पन्न आणि तुझी हौस. पिलं काही कचेरीने सांगितली नव्हती."

सगुणाने हेही पाठ केलं. तिला रात्री पिलांपेक्षा व्याख्याच जास्त कुशीत आल्यासारख्या वाटायच्या.

एक दिवस सर सवलतींवर आले. "शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं," ते म्हणाले. "उदाहरणार्थ, आपले महाराज."

"महाराज शेती करतात?" सगुणाने विचारलं.

"महाराज हरीण खातात. हरणाच्या पोटात काय असतं? गवत. गवत जमिनीतून येतं. जमिनीतून आलं ते शेतीचं. म्हणजे महाराज शेतकरी. कचेरीने हे केव्हाच मान्य केलंय."

सगुणाची मान सरळ झाली. "सर, ओढ्यापलीकडची राई आम्हीच लावलीय. मी, माझ्या आईनं, तिच्या आईनं. आम्ही बिया पुरायचो, त्यातून ती झाडं आली."

"जमीन उकरली होतीस?"

"हो."

"बी घातलंस? वर माती ओढलीस?"

"हो, सर."

"मग ही शेती नाहीतर काय भजन आहे?" सर म्हणाले आणि त्या सल्ल्याची फी वेगळी लावली.

सगुणा उड्या मारत घरी आली. पिलांना तिने चाटून चाटून हैराण केलं. तिला खरंच वाटलं, की कायदा तिच्यासाठीच केलाय. बाळांनो, असं वाटण्याचा एक दिवस प्रत्येकाच्या आयुष्यात येतो. तेवढा एक दिवस कुणी कर लावत नाही.

सुनावणी मोठ्या कातळाखाली झाली. सगुणा ठरल्याप्रमाणे सगळं बोलली. उकरणं सांगितलं, पुरणं सांगितलं, माती ओढणं करून दाखवलं. कुठे अडखळली नाही.

घोरपडबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान शिकलीस. आता एवढंच सांग. बी पुरताना तुझ्या मनात काय होतं?"

सगुणाला खोटं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं. ते क्लासच्या पुढच्या भागात होतं आणि त्याची फी तिने भरली नव्हती.

"मनात होतं, की नंतर काढून खाऊ," ती म्हणाली.

"मग काढलं का नाहीस?"

"विसरले, बाई."

"म्हणजे झाड लावायचा हेतू नव्हता." बाई कातळावरून खाली उतरल्या. "विसरणं म्हणजे शेती नव्हे. ती राई कुणीही लावलेली नाही, आपोआप आली आहे. चारोळ्या करपात्र."

"आणि महाराजांचा हेतू? हरणावर झेप घेताना त्यांच्या मनात शेती असते?"

"ते त्यांना विचारायला तू जातेस का?" बाईंनी विचारलं.

संध्याकाळी साठा उचलला गेला आणि ढोलीचं तोंड लिंपलं गेलं. त्यातही कचेरीने माणुसकी, आपलं, प्राणिमात्रकी दाखवली. पिलं आधी बाहेर काढू दिली. सगुणाने एकेकाला तोंडात धरून दगडाच्या कपारीत नेलं. तो सगळा पावसाळा तिने पिलांवर पाठ धरून काढला. मला विचाराल तर मला त्या बाईंचा राग येतो, अजूनही येतो. पण माझ्या रागाला कोणतंच सदर नाही.

पिलं जगली. सगुणा मात्र पार बदलली. आपलं सगळं वाटोळं विसरण्याने झालं, हे तिच्या मनात पक्कं बसलं. पुढच्या उन्हाळ्यापासून ती पुरलेल्या प्रत्येक बीवर ओढ्यातला पांढरा खडा ठेवू लागली. वेळेवर सगळ्या बिया उकरून काढायची, वाटा कचेरीत पोचवायची, उरलेल्या खायची. पिलांना तिने हेच शिकवलं. मग शेजारच्या खारी शिकल्या, मग जंगलातल्या सगळ्या. एक बी म्हणून जमिनीत राहीना.

घोरपडबाई खूश झाल्या. खारींना कायद्याची समज आली, असं त्यांनी वर कळवलं. वरून शाबासकी आली. तिच्यावरही काहीतरी कर होता म्हणे.

अशी बरीच वर्षं गेली. जुनी झाडं एकेक करून वठली, वाऱ्याने पडली. नवी काही उगवेनात. राई विरळ झाली, मग नुसती नावाला उरली. सावली गेली तसा ओढा आटला, गवत करपलं, आणि हरणं न सांगता दुसऱ्या रानात निघून गेली. शेतकरी महाराज उपाशी पडले.

तेव्हा महाराजांनी सभा बोलावली. बरगड्या मोजता येतील अशी त्यांची अवस्था झाली होती. शेजारी घोरपडबाई होत्या. वटवाघूळ सर आले नव्हते, लटकायला फांदी नव्हती.

"पूर्वी या जंगलात झाडं लावायचं काम कुणाकडे होतं?" महाराजांनी विचारलं. "त्याला बोलवा. सांगेल ते द्या, पण पुन्हा लावायला सांगा."

म्हातारी सगुणा काठी टेकत पुढे आली. तिने एकदा घोरपडबाईंकडे पाहिलं.

"कुणाकडेच नव्हतं, महाराज," ती म्हणाली. "तसा कचेरीचा निकाल आहे."

तात्पर्य : चांगलं काम चुकूनसुद्धा करू नये. करायचंच असेल तर आधी कचेरीला हेतू कळवावा आणि पोच घ्यावी.